संगीत : चतुराबाई

चतुराबाईंना संगीतकार होऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्यांना कोणी दोन ओळी गुणगुणून दाखवा म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तरी अडलं नसतं. घसा बसलाय असं सांगायचं, हे त्यांनी पहिल्या सत्काराच्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. पण सत्कार करणाऱ्यांना गाण्याशी काही घेणंदेणं नसतं, त्यांना शाल घालायला एक खांदा लागतो, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. तिवश्याला एक सत्कार झाला, वरुडात महिला मंडळाचा एक झाला, चांदूर रेल्वेला तर त्यांच्या नावाची कमान उभारली होती. शाळा मात्र दुसरीपर्यंतच. "एवढं संगीत कुठं शिकलात?" असं कोणी विचारलं की त्या पदर सावरून म्हणत, "शिकाले कायले लागते बाप्पा? कान उघडे ठेवले का झालं." लोक टाळ्या वाजवत. पेपरात ते वाक्य चौकटीत छापून येई.

म्हणूनच त्या मंगळवारी सकाळी पुण्याहून आलेल्या प्रीतमने कीबोर्ड मांडून "आजी, एक विचारायचं होतं," म्हटलं, तेव्हा चतुराबाईंचा हात सवयीने पदराकडे गेला.

सगळे वरच्या खोलीत बसले होते. कंपनीचं नावच मुळी 'वरची खोली'. त्यांच्या थोरल्या मुलाने, ललितने इथंच, जोडजाड करून बांधलेल्या कॉम्प्युटरवर, बटनांच्या फोनसाठी पहिला खेळ बनवला होता. आता बडनेरा रोडवर काचेचं ऑफिस होतं, बेचाळीस माणसं होती, चौदा खेळ होते. पण नाव निघे ते पहिल्याच खेळाचं. 'राघू'. संत्र्याच्या बागेतला एक पोपट. त्याने फांदीफांदीवरून संत्री पळवायची. बागेत राखणीला एक म्हातारी. ती दिसायच्या आधी ऐकू येते. खण्ण फट्, खण्ण फट्, मागून बारीक छुन्न. आवाज जवळ येत जातो, सूर चढत जातो, आणि मग एकाएकी सगळं थांबतं. म्हातारी थांबली की राघूने हलायचं नाही. हलला की मेला. त्या एका थांबण्यापायी शाळकरी पोरांनी डब्यातली पोळी हातातच धरून ठेवली होती, म्हणतात.

कंपनीच्या पंधराव्या वर्षानिमित्त पुढच्या शनिवारी मोठ्या सभागृहात प्रीतमचे बावीस वादक चौदाही खेळांचं संगीत वाजवणार होते. ललितची मुलगी दीक्षा कंपनीच्या इतिहासावर फिल्म करत होती. आणि धाकट्या संघपालने पत्रिका छापून आणल्या होत्या. 'ज्येष्ठ संगीतकार चतुराबाई यांच्या प्रमुख उपस्थितीत'.

"म्हातारीच्या चालीत सात ठोक्यांनंतर एक खाडा आहे," प्रीतम म्हणाला. "मोजून साडेतीन सेकंद काहीच नाही. माझे वादक म्हणतात, ही चूक असणार, भरून काढू. तुम्ही सांगा, भरू की ठेवू?"

चतुराबाईंनी छताकडे पाहिलं. "राघू दमते ना. दम घ्याले थांबते."

"पण राघू नाही थांबत, आजी. म्हातारी थांबते."

"मंग म्हातारी दमते."

"आणि दमल्यावर आणखी जोरात चालते?"

दीक्षा कॅमेऱ्यामागून म्हणाली, "सांग ना आजी. चालू आहे."

"आणि दुसरं," प्रीतमला काही कळत नव्हतं, म्हणून तो बोलतच राहिला, "तो खण्ण आवाज कुठल्या वाद्याचा? जुनी फाइल इतकी खरखरते की धड कळत नाही. घुंगरू आणि लोखंड असं काहीतरी वाटतं. मूळ रेकॉर्डिंग कुठंतरी असेल ना?"

"चहा घ्या तुमी आधी," चतुराबाई म्हणाल्या. "खाली ठेवला हाये. थंडा होऊन राहिला."

प्रीतम खाली गेला. त्याच्या पावलांचा आवाज नव्या सिमेंटच्या जिन्यावर विरला. मग संघपाल म्हणाला, "सांगून देऊ, मूळ रेकॉर्डिंग पुरात गेलं."

"अमरावतीत कोणता पूर आला होता, काका?"

"तू कॅमेरा बंद कर आधी."

"बंदच आहे."

सगळ्यांनाच ठाऊक होतं. चतुराबाईंच्या घशातून कधी सूर निघाला नव्हता. राघूचं संगीत केलं होतं ललितच्या बायकोने, अकोल्याच्या संध्याने. माहेराहून आणलेल्या छोट्या कॅसिओवर, याच खोलीत, चार वर्षांच्या दीक्षाला मांडीवर घेऊन. खेळ बाजारात यायच्या महिनाभर आधी चतुराबाईंनी जेवणाच्या ताटावर जाहीर केलं होतं, "या घरात एक त थे पेटी राहीन, नाई त मी." आपण राहू याची त्यांना खात्री होती, आणि तसंच झालं. संध्या कॅसिओ घेऊन अकोल्याला गेली. पुढे कोर्टकचेरी झाली, कागद झाले, दीक्षा शाळा असेपर्यंत इकडे आणि सुट्टीत तिकडे अशी वाढली. त्या दिवसापासून चतुराबाईंनी सुनेचं नाव घेतलं नव्हतं. घेतलंच तर 'थे अकोलेवाली'.

खेळाच्या नामावलीच्या पाटीवरूनही ते नाव काढ, असं त्यांनी ललितला बजावलं होतं. ललितने काढलं. पण 'संगीत' या शब्दापुढची चौकट रिकामी ठेवली की फोनवाल्यांकडून खेळ परत यायचा. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा ललितने तिथं आईचं नाव टाकलं. रागाने टाकलं की भीतीने, हे त्याला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. चतुराबाईंना ते पहिल्या सत्काराच्या वेळी कळलं, आणि तोवर शाल अंगावर पडली होती.

"मी फोन करून पाहतो तिले," ललित खाली बघत म्हणाला.

"पंधरा वर्सांत केला का?" संघपाल म्हणाला. "आता करशीन त काय म्हनशीन? हॅलो, थो साडेतीन सेकंदाचा काय प्रकार हाये?"

"तूच पत्रिका छापल्या ना घाईघाईनं?"

"मंग कोनं छापाच्या? तू त बारा दिवस मजकूरच देत नोयता!"

"भांडू नका बे," चतुराबाई उठल्या. "मी जातो. आपली एक वस्तू तिच्याजोळ राहिली, थे आनाची हाये. शेजारनीकडून पातेलं आनत नाई का आपन? त्यात काय एवढं."

दोन्ही मुलांनी एकाच वेळी हुश्श केलं. इतकं त्यांचं एकमत बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाने गाडी काढली. मागच्या सीटवर वरुडच्या संत्र्यांची थैली होती. मूर्तिजापूरला चहा घेताना दीक्षा म्हणाली, "आजी, तिथं गेल्यावर म्हणशील काय?"

"म्हनाचं काय? रेकॉर्डिंग दे म्हनीन."

"आणि नाव?"

"कोनाचं?"

दीक्षाने चहाचे पैसे दिले. गाडी चालू करताना एवढंच म्हणाली, "फिल्ममध्ये मी खोटं नाव लावणार नाही. ते आत्ताच सांगून ठेवते."

"मंग पडदा रिकामा ठेवजो," चतुराबाई म्हणाल्या. "तुह्या बापाले विचार, परत येते का नाई थे."

जठारपेठेत संध्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत तिचे गाण्याचे वर्ग चालत. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि शिष्यांनी मिळवलेल्या ढालींची रांग. चतुराबाईंनी लोखंडी फाटकाशी चपला काढल्या, आत आल्या आणि पहिली नजर टाकली ती कोपऱ्यातल्या कॅसिओवर. तोच होता. दोन बटनांची अक्षरं उडाली होती.

"जय भीम," संध्या म्हणाली. केसांत पांढरं आलं होतं. तिने पाणी दिलं, संत्र्यांची थैली घेतली, दीक्षाच्या डोक्यावरून हात फिरवला. सासूला काही म्हणून हाक मारली नाही. आई म्हणणं संपलं होतं आणि दुसरं काही म्हणणं सुरू व्हायची वेळच आली नव्हती.

"तब्येत उतरली तुही," चतुराबाई म्हणाल्या. आल्याआल्या काहीतरी उणं काढलं की त्यांना घरच्यासारखं वाटे.

"तुमची चांगली आहे. पेपरात पाहते ना मी. शाल शोभते तुम्हाला."

दीक्षाने खोकला काढला.

"कामाचं बोलतो," चतुराबाई म्हणाल्या. "पुन्याचा एक पोट्टा आला हाये. त्याले थे जुनं रेकॉर्डिंग पायजे. थो आवाज कोन्या बाजाचा हाये, अन् मंधात खाडा कायचा हाये, एवढं सांगून दे. आमी जातो."

"रेकॉर्डिंग नाही. फोनमध्ये होतं, तो फोन केव्हाच गेला."

"मंग बाजा दे."

संध्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग उठली, दाराबाहेर गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात चतुराबाईंची चप्पल होती.

चतुराबाई खुर्चीतच मागे सरल्या. हे कधीतरी होणार, असं त्यांना मनातून वाटतच आलं होतं. पण नातीसमोर होईल असं वाटलं नव्हतं. त्यांनी हनुवटी वर केली. "मार," त्या म्हणाल्या. "मार, पाहू दे तुह्या पोरीले."

"अजून बुधाजीच शिवतो का?" संध्या चप्पल उलटीपालटी करत म्हणाली. "तिवश्याचा? टायरचा सोल?"

"त्याचा पोरगा शिवते."

संध्या फाटकाजवळ गेली. तिने चप्पल लोखंडी पट्टीवर मारली. खण्ण. लगेच हाताच्या तळव्यावर. फट्. परत लोखंडावर. खण्ण फट्, खण्ण फट्. मग दाराच्या खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा घेऊन ती प्रत्येक फट् च्या मागून तो हलकेच हलवू लागली. छुन्न. जठारपेठेतल्या त्या गल्लीत भर अकरा वाजता राघूच्या बागेतली म्हातारी चालत आली. समोरच्या गच्चीवर अभ्यास करणाऱ्या एका मुलीने पुस्तकातून डोकं वर काढलं.

चतुराबाईंचा हात आपोआप कमरेकडे गेला. किल्ल्या तिथंच होत्या. चाळीस वर्षं तिथंच होत्या.

"वाद्य नव्हतंच," संध्या म्हणाली. "मागचा लोखंडी जिना होता. तुम्ही चढून यायच्या, तो आवाज मी फोनमध्ये धरला आणि खाली सूर लावले."

"म्हंजे थे म्हातारी..."

"तेव्हा तुम्ही म्हाताऱ्या नव्हत्या. ललितने चित्र काढताना केली."

दीक्षाने तोंडावर हात धरला. तिलाही हे नवीन होतं. तिच्या आईने तिला संगीत सांगितलं होतं, चप्पल सांगितली नव्हती.

"अन् थो खाडा?" चतुराबाईंनी विचारलं. विचारता विचारताच त्यांना आपण हे विचारायला नको होतं असं वाटलं.

"सातवी पायरी," संध्या म्हणाली. "तिथं तुम्ही थांबायच्या."

"दमत होती मी."

"डोक्यावर सिलिंडर घेऊन गच्चीपर्यंत जात होत्या तुम्ही त्या वर्षी. सातव्या पायरीवर दमायच्या?" संध्या हसली नाही. "सातव्या पायरीवरून खिडकीतलं बोलणं ऐकू येतं. आम्हाला माहीत होतं. तुमच्या चपला थांबल्या की आम्ही दोघं बोलता बोलता गप्प व्हायचो. हलायचो नाही. ललितने त्याचाच नियम केला. म्हातारी थांबली की राघूनं हलायचं नाही."

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू केली. ती गल्लीतून निघून गेली. चतुराबाईंच्या मनात एकामागून एक बऱ्याच गोष्टी आल्या. त्यातली पहिली अशी की ललित एवढा चतुर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. दुसरी, की चांदूर रेल्वेच्या कमानीखालून चालत जाताना मागे स्पीकरवर हेच वाजत होतं आणि त्या मान ताठ करून त्याच ठेक्यावर चालल्या होत्या.

"दीक्षा," त्या म्हणाल्या, "किती लोकाईनं घेतला वं हा खेय?"

"आत्तापर्यंत चाळीस लाखांच्या वर."

"अन् सगळेच भेतात? म्हातारीले?"

"सगळेच, आजी."

"हं," चतुराबाई म्हणाल्या. एवढ्या प्रकरणात काहीच आपल्या बाजूचं नव्हतं असं नाही.

संध्याने चप्पल फाटकाशी नेऊन दुसरीच्या शेजारी नीट ठेवली, हात धुतले आणि समोर येऊन बसली. "मी येते शनिवारी," ती म्हणाली. "तुमच्या पुण्याच्या मुलाला सगळं बसवून देते, म्हातारीची चाल मी स्वतः वाजवते. पण पडद्यावर तुमचं नाव असताना नाही वाजवणार. एकदा गप्प राहिले, ते पंधरा वर्षं पुरलं."

"पत्रिका छापून झाल्या."

"मग दुसरं कोणी वाजवेल."

"तुहा बाजा त माह्या पायात हाये," चतुराबाई उठत म्हणाल्या. "तुह्याबिगर बी वाजते थो."

"वाजतो ना," संध्या म्हणाली. "पन्नास वर्षं वाजतच होता. संगीत नव्हतं झालं त्याचं."

चतुराबाईंनी चपला घातल्या आणि फाटकापासून गाडीपर्यंतची दहा पावलं चालल्या. दरेक पावलाला त्यांना आपला आवाज ऐकू येत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या पाय उचलून हलके ठेवत चालल्या, आणि मागून दोघी मायलेकी पाहत असतील म्हणून पुन्हा जोरात.

*

अमरावतीला पोचायला तीन वाजले. घरासमोर उतरताना दीक्षा म्हणाली, "बाबा, काका वर बसलेत. प्रीतमदादा गच्चीवर दिसतोय. काय सांगायचं त्यांना?"

"मी सांगतो." त्या नव्या जिन्याकडे वळल्या आणि थांबल्या. घराला वळसा घालून मागे गेल्या. गुडघ्याचं दुखणं लागल्यापासून त्या लोखंडी जिन्यावर धुतलेली पोती वाळत असत. त्यांनी पोती बाजूला केली.

"आजी, गंजलाय तो. गुडघा..."

"फोन काढ तुहा. आवाज भर. अन् खालीच राह्य."

त्या चढू लागल्या. खण्ण फट्. एका पायरीवर दोन्ही पाय ठेवावे लागत होते, म्हणून चाल पूर्वीपेक्षा संथ होती. पण लोखंड तेच होतं आणि किल्ल्या त्याच. खण्ण फट्, छुन्न. सहावी. सातवी.

खिडकी उघडी होती.

"...सोपं हाये," संघपाल सांगत होता. "आई आली का म्हनू, प्रीतमले खाडा तसाच ठेवाले सांगतला, अकोल्याची गरजच नाई. पत्रिका तश्याच राहतीन. तसंही आईले नावाची सवय झाली हाये, थे काई सोडत नाई. आन वहिनीचं म्हनशीन त पंधरा वर्सं चाललं, आनखी पंधरा..."

"थांब," ललितचा आवाज आला.

"काय झालं?"

"आई थांबली. सातवीवर."

वरच्या खोलीत साडेतीन सेकंद सुईसुद्धा हलली नाही. चतुराबाई लोखंडी कठड्याला धरून उभ्या होत्या. खिडकीच्या गजांतून त्यांना आपला पन्नाशीला टेकलेला थोरला मुलगा दिसला. त्याने चहाचा कप तोंडाजवळ नेला होता आणि तो तिथंच धरला होता. पिला नव्हता, खाली ठेवला नव्हता. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथं पूर्वी कॅसिओ असायचा.

चतुराबाई उरलेल्या पायऱ्या चढल्या आणि दारात उभ्या राहिल्या. श्वास लागला होता. या वेळी खरोखर.

"हेच," प्रीतम गच्चीवरून आत धावत आला. "आजी, हेच! हा आवाज! तुम्ही कसं..."

"बस तू. संघपाल, कागद घे."

"आई, मी फक्त..."

"ऐकलं मी. कान उघडे असतात माहे. लिही. संगीत." त्या थांबल्या. पुढचा शब्द त्यांच्या तोंडात पंधरा वर्षं आला नव्हता, त्याला यायला वेळ लागला. "संध्या."

संघपालने ललितकडे पाहिलं. ललितने कप खाली ठेवला.

"लिहिलं का?"

"लिहिलं. पन पत्रिका?"

"फाड. नाई त पुढच्या सत्काराले वापर, माह्या नाई, तुह्या."

"अन् तुहं नाव? काढूनच टाकाचं?"

"कायले काढतं?" चतुराबाई कडाडल्या. "खाली लिही. चपला, चतुराबाई."

"आई, असं कोनी लिहीत नाई."

"चाळीस लाख लोकं भेतात त्या चपलेले. लिही. अक्षर लहान नको करू."

ललित हसला. बऱ्याच वर्षांनी हसला म्हणून आवाज नीट आला नाही. मग त्याने फोन काढला, आणि नंबर न शोधताच लावला. तो बाहेर गच्चीवर जाऊन उभा राहिला. त्याने दार ओढून घेतलं नाही. चतुराबाई दाराकडे दोन पावलं गेल्या, आणि मग परत येऊन खुर्चीवर बसल्या.

प्रीतमला यातलं अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं कळण्याची त्याला गरज नव्हती. "आजी," त्याने हळूच विचारलं, "मग तो खाडा? त्याचं काय करू? भरू की ठेवू?"

"ठेव," चतुराबाई म्हणाल्या. "बाकी सगळं तिचं हाये. थेवढा माहा हाये."